गाळाची पुण्याई

चांदवडच्या माणसाला जानेवारीत नदीकाठी पाखरं बघायची असतील, तर पन्नासेक किलोमीटर गाडी हाकावी लागते. ओढे-नाले आमच्याकडेही ढीगभर आहेत. पण संक्रांतीच्या सुमाराला त्यांच्यात गोटे असतात, वाळू असते आणि कुणीतरी रातोरात आणून ओतलेला सडका कांदा असतो. पाणी नसतं.

तसं बघितलं तर आमचं गाव पाण्याच्या मोठ्या नाक्यावर वसलेलं आहे. डोक्यावर सातमाळ्याची रांग. राहूडचा घाट चढून पलीकडे उतरलं की पडणारा पाऊस गिरणेला मिळतो, गिरणा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. घाटाच्या अलीकडे पडलेला थेंब गोदावरीच्या वाटेला लागतो आणि थेट बंगालच्या उपसागरात जातो. एकाच डोंगराच्या दोन कुशींतलं पाणी देशाच्या दोन टोकांना पोहोचतं, फक्त चांदवडात मुक्काम करत नाही. अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे, रेणुकामाता आहे, जैन लेणी आहेत. होळकरांची टांकसाळही होती आणि तिथल्या नाण्याला चांदोरी रुपया म्हणत. चांदोर हे गावाचं जुनं नाव, इंग्रजांच्या कागदांत हेच सापडतं. गंमत अशी, की निफाड तालुक्यात गोदेच्या काठावर चांदोरी नावाचं वेगळंच गाव आहे आणि गोदेला मोठा पूर आला की त्याचं नाव हमखास बातमीत येतं. त्यांच्या चांदोरीत पूर आणि आमच्या चांदोरला टँकर. नावं वाटणाऱ्यानं एक इकार जास्त दिला आणि त्याबरोबर पाणीही तिकडेच दिलं, असं आमचे शेजारी नाना म्हणतात.

नाना म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मी लहानपणापासून नाना. रंगमहालाच्या वळचणीचे पारवे आणि किल्ल्याच्या कड्याभोवती फिरणाऱ्या पाकोळ्या यांच्यावर त्यांनी नोकरीची पस्तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर मुलानं दुर्बीण आणून दिली. तेव्हापासून दरवर्षी हिवाळ्यात एकदा तरी नांदूर मधमेश्वरला जायचं, हा त्यांचा नेम. वारीसारखाच. गेल्या जानेवारीत त्यांना गाडी चालवणारा कुणी मिळेना, म्हणून मी गेलो. पहाटे साडेचारला दार उघडलं तेव्हा नाना ओट्यावर तयार बसले होते: कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, वर रेनकोट. रेनकोट कशाला, विचारलं. ‘वारा अडतो,’ म्हणाले. खिशात शंभरपानी वही आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. पेन थंडीत अडतं, हे त्यांचं शास्त्र.

लासलगावपर्यंत काचेवरचं दव पुसण्यातच वेळ गेला. हा सगळा उतार गोदेच्या खोऱ्याकडचा आहे आणि थंडी पाण्यासारखीच उताराला लागते. आभाळ निरभ्र असेल तर रात्रभर जमिनीची ऊब वर निघून जाते, तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि सावकाश खोलगट भागात जाऊन बसते. म्हणून चांदवडच्या ओट्यावर स्वेटर पुरतो आणि निफाडच्या शिवारात गोधडी पुरत नाही. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. तिथल्या तापमापकाचा आकडा हिवाळ्यात रोज पेपरात असतो. डिसेंबर २०१८ मध्ये तो दोन अंशांच्याही खाली उतरला होता. पुण्या-मुंबईचा वाचक असा आकडा बघून चहाचा दुसरा कप मागवतो. इथे तो वाचून माणसं बागेत धावतात.

ती धावपळ आम्ही वाटेतच बघितली. विंचूरच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंधारात ठिकठिकाणी लाल ठिपके दिसायला लागले. जवळ गेल्यावर कळलं, द्राक्षबागांच्या बांधावर शेकोट्या पेटवलेल्या होत्या. पालापाचोळा, छाटलेल्या काड्या आणि ओला भुसा, म्हणजे जाळ कमी आणि धूर जास्त. नानांच्या भाच्याची बाग याच पट्ट्यात आहे, म्हणून चहाला थांबलो. तो तीन वाजल्यापासून उठलेला. विहिरीवरची मोटर चालू करून ठिबक सोडून दिलं होतं. जमिनीतलं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, तेवढाच वेलीला शेक. मण्यात पाणी उतरायला लागलं की द्राक्षाची कातडी ताणलेली असते. अशा वेळी पारा घसरला तर मण्याला तडा जातो, आणि तडकलेला एक मणी अख्खा घड घेऊन जातो. निर्यातीचा माल एका पहाटेत बेदाण्याच्या भावावर येतो.

‘मामा, तुम्ही थंडी बघायला निघालात आणि आम्ही तिला हाकलायला बसलोत,’ तो हसत म्हणाला. हसण्यात राग नव्हता, पण चहाची कपबशी हातात देताना त्याचे डोळे धुरानं आणि जागरणानं लाल झालेले होते. त्याच्या बागेवर मागच्या बाजूला जाळी लावलेली होती. पाखरांसाठीच. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे येतात, मध्य आशियातून. गुलाबी पाठ, काळं डोकं. पूर्वी त्या ज्वारी-बाजरीच्या कणसांवर उतरायच्या, आता कणसं कमी झाली आणि द्राक्षं वाढली. नानांनी जाळीकडे बघितलं, काही बोलले नाहीत. पुढे गाडीत म्हणाले, भोरडी टोळही खाते, ते मात्र कुणी हिशेबात धरत नाही. मग थोड्या वेळानं स्वतःशीच पुटपुटले, की कर्ज भाच्याच्या डोक्यावर आहे, आपल्या नाही.

*

नांदूर मधमेश्वरला पोहोचलो तेव्हा अंधारच होता. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात. गोदा त्र्यंबकेश्वराहून नाशिकमार्गे, कादवा दिंडोरीच्या डोंगरांतून. संगमाजवळ मध्यमेश्वराचं देऊळ आहे, मृगव्याधेश्वराचंही आहे. रामानं सुवर्णमृगाच्या रूपातल्या मारीचाला बाण मारला तो इथेच, अशी इथली श्रद्धा. नाशकात पंचवटी आहे म्हटल्यावर हरीण पळत पळत एवढं लांब येणारच.

आधी ऐकू आलं. दिसलं बरंच नंतर. पाण्यावर पांढऱ्या धुईची जाड दुलई पसरलेली होती आणि तिच्या आतून आवाज येत होता. एखाद्या लग्नघरात पहाटे स्वयंपाकाची गडबड सुरू होते, तेव्हा भिंतीपलीकडून जसा आवाज येतो तसा. भांडी आपटल्यासारखं काही, कुणी कुणाला हाका मारल्यासारखं काही, मधूनच एक लांब शीळ. नाना कानटोपी वर सरकवून ऐकत होते. शीळ अडईची, म्हणाले; उडताना घालते. ‘टुक् टुक्’ ते वारकरी. ती कर्कश किंकाळी जांभळ्या पाणकोंबडीची. अंधारातच त्यांनी वहीत सात नावं लिहिली. मी म्हटलं, न बघता कसं लिहिता? तर म्हणाले, चौथीच्या वर्गात पाठमोरा असतानाही कोण बोलतंय ते कळायचं.

आम्हाला वाट दाखवायला एक तरुण आला. इथल्याच गावचा. वनखात्यानं अभयारण्यालगतच्या गावांतली मुलं वाटाडे म्हणून तयार केली आहेत. त्याच्या खांद्यावर तिपाई आणि लांब दुर्बीण, अंगावर खाकी जाकीट, पायात मात्र चप्पल. पाखरांची इंग्रजी नावं त्याला तोंडपाठ. मुंबईची मंडळी येतात, त्यांना ती लागतात. नानांनी लगेच परीक्षा घेतली: ‘बाळा, मराठीत सांग.’ पोरगा जरा थांबला आणि मग एकेक सांगायला लागला. काही नावं आजोबांची, काही पुस्तकातली.

या नावांसाठी मला वेगळा लेख लिहावासा वाटतो. पाण्यावरची ती काळी, जाडसर, कपाळावर पांढरा टिळा लावलेली गर्दी म्हणजे वारकरी. थव्यानं राहतात, थव्यानंच सरकतात. पिवळ्या टोकाच्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपका असलेलं बदक ते हळदी-कुंकू. नेमकं संक्रांतीच्या दिवसांत समोर असल्यामुळे नाव अधिकच पटतं. भाकरी थापायला घेतल्यासारखी चपटी चोच तो थापट्या. टोकदार लांब शेपटीचं ते तलवार बदक. काटकुळ्या लाल पायांवर उभा तो शेकाट्या. पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येते ती टिबुकली, नाव उच्चारतानाच बुडबुडा फुटतो. आणि नकटा. नराच्या चोचीवर एवढा मोठा काळा उंचवटा असताना त्याला नकटा कुणी म्हटलं असेल? नानांचं मत, शाळेत सगळ्यात जाड्या मुलाला काडी म्हणतात तसंच.

मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त अशी नावं गोळा केली नसती, तर त्यांतली कितीतरी आजोबांबरोबरच गेली असती. वनखात्यात छत्तीस वर्षं नोकरी केलेला हा माणूस पारध्यांकडून, गोंडांकडून, भोयांकडून नावं विचारून घ्यायचा. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. नानांच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा पेपरातला फोटो चिकटवलेला आहे.

साडेसातच्या सुमाराला धुई फाटली. खालून वर नाही, कडेनं आत. आधी काठाचं पाणकणीस दिसलं, मग चिखलाचा एक पट्टा आणि त्यावर टोचे मारत फिरणारे तुतवार, मग बेटं, आणि शेवटी मधलं पाणी. त्या पाण्यावर इतकी बदकं होती, की काही ठिकाणी पाणीच दिसत नव्हतं. तलवार बदकं शेपट्या आभाळाकडे आणि डोकी पाण्यात, अशी उभीच्या उभी. त्यांची मान लांब, म्हणून ती जरा खोल पाण्यातलं खातात. थापट्यांची टोळी गोल गोल फिरत होती, घाण्याच्या बैलासारखी. असं फिरलं की तळाचं वर येतं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दात्यांतून गाळून घेता येतं. चक्रवाकांची एक जोडी बाजूला, भाजलेल्या विटेच्या रंगाची. रात्री यांचा विरह होतो म्हणून संस्कृत कवींनी शतकानुशतकं हळहळ व्यक्त केली. ही जोडी पहाटेच्या अंधारातून एकत्रच बाहेर आली होती, म्हणजे भांडण मिटलं असावं. चक्रवाक तिबेट-लडाखकडून येतात. पलीकडच्या बेटावर पट्टकादंब बसले होते, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. मंगोलिया आणि तिबेटमध्ये पिल्लं वाढवून हिमालय ओलांडून येणारे. उपग्रहाचं यंत्र बसवलेल्या यांच्यातल्या एकाची नोंद ७,२९० मीटर उंचीवर झालेली आहे. त्या उंचीवर माणसाला चार पावलं टाकून थांबावं लागतं. इथे मात्र ते सहाशे मीटरच्या आतल्या पठारावर, गव्हाच्या कोवळ्या पातीवर चरत, शेतकऱ्याच्या शिव्या खात असतात.

*

इथवर कुठल्याही पक्षिनिरीक्षकाची सकाळ. पण मी बातमीदार आहे आणि मला सतत एकच प्रश्न पडत होता, की हे सगळं इथेच का? गोदावरी नाशकातही आहे, सायखेड्यालाही आहे. पाखरं इथेच का उतरतात?

उत्तर आमच्या पायाखाली होतं. चिखल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत दख्खनवर लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात भारतीय सिंचन आयोग बसला आणि दुष्काळी मुलखासाठी कालवे काढायच्या कल्पनेनं जोर धरला. त्याच धोरणातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोदावरीचे कालवे झाले. योजना सरळ होती. वर इगतपुरी तालुक्यात, जिथे धो धो पाऊस पडतो तिथे, दारणा नदीवर धरण बांधायचं आणि पाणी साठवायचं; लागेल तेव्हा ते नदीत सोडायचं; आणि खाली गोदा-कादवेच्या संगमाजवळ एक ठेंगणा दगडी बंधारा घालून ते पाणी डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं. ते कोपरगाव-राहात्याकडे जातं. नगर जिल्ह्याच्या त्या भागातला ऊस आणि त्या उसावरचे साखर कारखाने याच पाण्यावर उभे राहिले.

म्हणजे नांदूर मधमेश्वरचा बंधारा पाणी साठवायला बांधलेलाच नव्हता. तो नुसता अडवून दिशा बदलायला होता. पण नदी अडली की तिचा वेग मोडतो आणि वेग मोडला की तिच्या हातातलं ओझं खाली पडतं. नाशिकपासूनची सगळी काळी माती पावसाळ्यात वाहत इथवर यायची आणि बंधाऱ्यामागे बसायची. वर्षाला थोडी थोडी. शंभर वर्षं. पाटबंधारे खात्याच्या भाषेत याला गाळ म्हणतात आणि गाळ म्हणजे तोटा. जितका गाळ तितकं पाणी कमी मावतं. पण त्या गाळाची बेटं झाली. बेटांवर लव्हाळा आणि पाणकणीस उगवलं. मधे गुडघाभर पाण्याची उथळ तळी तयार झाली, तळ्यांत शेवाळ, शेवाळात किडे, गोगलगायी, मासे. बदकाला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. खोल धरणाचा निळाशार जलाशय फोटोला छान दिसतो, पण थापट्याच्या चोचीला तळच लागला नाही तर त्याला त्या निळाईचं काय करायचं?

इंजिनिअरच्या वहीत जे खर्चात पडलं, ते पाखरांच्या वहीत जमेला लागलं. हे कुणी ठरवून केलेलं नाही. बंधारा बांधणाऱ्या साहेबाला विचारलं असतं, तर पाखरांचा विचार त्याच्या मनात बंदुकीच्या नळीपुरताच आला असता.

सलीम अलींनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ही जागा पाहिली आणि हे महाराष्ट्राचं भरतपूर आहे, असं म्हटल्याचं इथे सगळे सांगतात. ते वाक्य फलकावर आहे, माहितीपत्रकात आहे, वाटाड्याच्या तोंडी आहे. गौरव म्हणूनच ते सांगितलं जातं. मला त्यात दुसरंच काही दिसतं. राजस्थानातलं भरतपूरही निसर्गानं केलेलं नाही. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलांच्या काळात अजान बांध घातला गेला, त्याच्या पाण्यानं खोलगट जमीन भरली आणि पुढे संस्थानिकांनी तिथे बदकांच्या शिकारीचं मैदान केलं. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीनं तिथे एका दिवसात चार हजारांवर पाखरं मारली. तो आकडा आजही दगडावर कोरलेला आहे. माणसाच्या बांधामुळे भरतपूर झालं आणि वरच्या पांचना धरणाचं पाणी मिळालं नाही की ते सुकतं. सलीम अलींना ते कुणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. तेव्हा ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ या दोन शब्दांत जेवढं कौतुक आहे, तेवढीच तंबीही आहे.

१९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, कागदावर सुमारे १०० चौरस किलोमीटरचं. २०२० च्या जानेवारीत ते रामसर यादीत गेल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातली पहिली जागा. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आली. रामसर हे इराणमधलं कास्पियनकाठचं गाव, तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांचा करार झाला म्हणून हे नाव. रामसरच्या यादीत या जागेचं क्षेत्र १,४३७ हेक्टर लिहिलेलं आहे, म्हणजे सव्वाचौदा-साडेचौदा चौरस किलोमीटर. शंभर आणि चौदा या दोन आकड्यांच्या मधे जे उरतं ते बहुतेक सगळं गावं, ऊस, कांदा आणि द्राक्षं. नानांच्या भाच्यासारखी माणसं त्या मधल्या जागेत राहतात. उसात बिबटेही राहतात. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणाऱ्याला दोघांचाही पत्ता ठाऊक असतो.

*

आठच्या सुमाराला पाणी एकदम उसळलं. कुणी काही केलेलं दिसलं नाही. वारकरी, जे आतापर्यंत इकडेतिकडे विखुरलेले होते, ते एकमेकांकडे धावले आणि त्यांचा एक काळा गोळा झाला. बदकांच्या रांगा उठल्या, वळल्या, पुन्हा वळल्या. मग पाणकणसाच्या शेंड्यांवरून एक तपकिरी पक्षी अगदी सावकाश, पंख वर इंग्रजी व्ही सारखे धरून तरंगत आला. दलदली भोवत्या. त्याला घाई नव्हती. तो एकेका थव्यावरून नुसता जात होता, दुखरा, लंगडा, उशिरा उठणारा कोण आहे ते बघत. शाळातपासणीला साहेब आल्यासारखा, असं मी म्हणणार होतो, पण नाना शेजारी होते. त्यांनीच म्हटलं.

भोवत्याला काही मिळालं नाही. तो गेला आणि दोन मिनिटांत सगळं पुन्हा होतं तसं.

काठाला एक म्हातारे भोई होडी उलटी करून डांबर लावत बसले होते. नानांनी रामराम घातला. गप्पांत कळलं, की त्यांची नजर पाखरांवर नसून काठावर रोवलेल्या एका काठीवर आहे. काठीला चिंध्या बांधलेल्या. पाणी वरच्या चिंधीला लागलं म्हणजे आवर्तन सुटलं. दारणा-गंगापूर धरणांतून नदीत पाणी सोडलं, की ते इथे येईपर्यंत पातळी चढते, बेटं लहान होतात, चिखलावरचे तुतवार-शेकाटे उठून दुसरीकडे जातात आणि मासे पसरतात, जाळ्यात येत नाहीत. आवर्तन संपलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि मासे डबक्यांत गोळा होतात. त्या दिवशी बगळे, करकोचे आणि भोई सगळे एकाच डबक्यावर. ‘त्यांची पंगत आधी बसते,’ आजोबा म्हणाले, ‘ते उजाडायच्या आधी येत्यात ना.’

पाणी फारच उतरलं की नदीच्या वरच्या अंगाला, चांदोरीला, पात्रात बुडालेली जुनी दगडी देवळं उघडी पडतात. लोक हार घेऊन जातात. आवर्तन आलं की देव पुन्हा पाण्यात.

मला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं, की आपण बघतोय ते नुसतं निसर्गाचं दृश्य नाही. पाण्याच्या वेळापत्रकाचंही आहे. कोणत्या आठवड्यात चिखल दिसणार, कोणत्या आठवड्यात खोल पाणी असणार, हे ऋतूइतकंच कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. त्या बैठकीत कोपरगावचा ऊस असतो, नाशिकचे नळ असतात, कारखाने असतात. त्यात पुन्हा २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानं समन्यायी वाटप आणलं. खाली पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून सोडायचं. नाशिककडून ते जातं तेव्हा याच बंधाऱ्यावरून जातं. त्या वेळी इथल्या पेपरांत मोर्चे, पैठणकडच्या पेपरांत जल्लोष. मतं दोन्हीकडे आहेत. पट्टकादंबाला मत नाही, आणि त्याची बाजू मांडायला नांदूर मधमेश्वरला पुरेसं पाणी हवं, असं कुणी उठून म्हणाल्याचं मी तरी कुठल्या वृत्तांतात वाचलेलं नाही.

पाणी किती हा एक भाग, कसलं हा दुसरा. वरच्या अंगाला हिरवीगार चादर दिसत होती. लांबून वाटलं गवत, जवळ गेल्यावर पाणवेली. फुगीर देठांवर तरंगणारी, जांभळ्या फुलांची. शहराचं सांडपाणी म्हणजे तिला खत. ती वाढली की खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासा मरतो. कमळपक्षी मात्र लांब बोटं पसरून तिच्यावर मजेत चालतो. एका पक्ष्याची सोय झाली म्हणून पाण्याची तब्येत चांगली म्हणता येत नाही. देवळालीच्या नावानं ओळखला जाणारा एक बोटभर मासा या खोऱ्यात आहे, नष्ट होण्याच्या अगदी काठावर आलेला. रामसरच्या नोंदीत या जागेच्या संदर्भात त्याचं नाव आहे. भोई आजोबांना त्याचं वर्णन सांगितलं. त्यांनी मान हलवली. असले बारीक मासे आता जाळ्यात येत नाहीत, आले तरी कोण बघतं.

दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. आशियाभर ती १९८७ पासून चालू आहे. इथे वनखातं आणि हौशी मंडळी मिळून मोजतात. हजारोंचा थवा कसा मोजायचा, ते वाटाड्यानं नानांना शिकवलं. आधी पन्नास पाखरं नीट मोजायची, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ती डोळ्यांत धरायची, मग त्या मापानं सगळा थवा मापायचा. नानांना हे फार आवडलं. धान्य मापायची पायली असते तशी ही पाखरांची पायली. अर्धा तास ते डोळे बारीक करून पाण्यावर पायल्या टाकत बसले. मग म्हणाले, वर्षाचा आकडा काढून उपयोग नाही, दहा वर्षांचे शेजारी शेजारी मांडले तर काही कळेल. शिक्षक शेवटी शिक्षक.

निघताना हरभऱ्याच्या एका शेतात क्रौंच दिसले. सात. उंच, राखाडी, मान ताठ. शेताच्या दुसऱ्या टोकाला एक बाई खुरपत होती. दोघांनीही एकमेकांकडे लक्ष दिलं नाही. त्यांच्यामधलं अंतर साधारण साठ पावलं असेल, आणि आम्ही होतो तेवढा वेळ ते जवळपास तेवढंच राहिलं. बाई एक ओळ पुढे सरकली की क्रौंच एक ओळ मागे.

नानांनी वही बंद केली. एकसष्ट जाती.

*

परतताना उन्हं चांगली तापली होती. भाच्याच्या बागेतल्या शेकोट्या विझून राख उरली होती. तो बांधावरच झोपला होता, तोंडावर टॉवेल, उठवलं नाही. लासलगावात कांद्याचे ट्रॅक्टर लागलेले, त्यात पाऊण तास गेला. चांदवडचा शिवार सुरू झाला तसा हिरवा रंग मागे पडला. मुरमाड माळ, कुसळी गवत, लांब सातमाळ्याचे सुळके. स्वेटर दोघांनीही काढले.

गावाच्या अलीकडे पाणीपुरवठ्याची एक मोठी जलवाहिनी रस्त्याला समांतर जाते. तिचा एक एअर व्हॉल्व्ह मी बातमीदारी सुरू केल्यापासून गळतो आहे. खाली परातीएवढं डबकं साचलेलं असतं. दोन बायका हंडे लावून बसल्या होत्या. नाना एकदम म्हणाले, ‘थांबव.’

मी म्हटलं, काय?

त्यांनी बोट दाखवलं. बायकांच्या पलीकडे, डबक्याच्या दूरच्या कडेला, मुरमाचे चार-पाच गोटे हलत होते. दुर्बीण लावल्यावर गोट्यांना चोची फुटल्या. पखुर्ड्या. माळावरचं पाखरू, मातीच्याच रंगाचं, दिवसभर कोरडं बी खायचं आणि ऊन चढायच्या वेळेला लांबून पाण्यावर यायचं. घटाघटा पिऊन चार उडून गेल्या. एक नर राहिला. तो पाण्यात पोटापर्यंत उतरला आणि अंडी उबवायला बसावं तसा बसला, मग डाव्या-उजव्या कुशीवर डुलायला लागला. त्याच्या पोटाची पिसं टीपकागदासारखी पाणी धरून ठेवतात. कुठेतरी उघड्या माळावर पिल्लं असतील, ती बापाच्या पिसांतून चोचीनं पाणी ओढून पितात.

हंडा भरला, तशी एकीनं तो काढून दुसरा लावला. पत्र्याचा आवाज झाला. नर जागचा हलला नाही. पोट पुरतं भिजल्यावरच उठला आणि किल्ल्याच्या दिशेला सरळ, जोरात, थेंब गाळत निघून गेला.

नानांनी वही उघडली. एकसष्टच्या खाली बासष्ट लिहिलं, नाव लिहिलं, आणि ठिकाणाच्या रकान्यात पेन्सिलीचं टोक थुंकीनं ओलं करून ‘चांदवड’.